मासिकं वाचून घडलेला इंजिनिअर

मोबाईलच्या जमान्यातही आमच्या होस्टेलमध्ये एक गोष्ट या रूममधून त्या रूममध्ये फिरत असते. ती म्हणजे गाड्यांची मासिकं! कुणी नागपूरला गेलं की सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुने अंक आणायचे. मधलं पोस्टर आधीच कुणीतरी काढून घेतलेलं असतं, तरी चालतं. त्यातल्या बहुतेक गाड्या आपण कधी चालवणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण एखाद्या लेखात कार्ब्युरेटर उघडून दाखवलेला असतो, कुठला स्क्रू किती फिरवायचा ते चित्रासकट दिलेलं असतं, आणि मग रविवारी पार्किंगमध्ये कुणाची तरी बाईक उघडली जाते. ती संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडली गेली तर नशीब!

या जातीच्या मासिकांमध्ये सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतलं ‘हॉट रॉड’. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला त्याचा पहिला अंक निघाला, आणि तो काढणारा रॉबर्ट पीटरसन तेव्हा फक्त २१ वर्षांचा होता. हॉट रॉड म्हणजे काय, तर स्वस्तातली जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड, बॉनेट असं जे जे वजन वाढवतं ते काढून टाकायचं, इंजिन जमेल तेवढं तगडं करायचं आणि कोरड्या पडलेल्या तलावाच्या सपाट तळावर ती पळवायची. (आपल्या वर्ध्यात याच्या बरोब्बर उलट झालं, ते सांगायचा मोह आवरत नाही. गांधीजी सेवाग्रामला राहू लागले तेव्हा जमनालाल बजाज यांनी म्हणे एका जुन्या फोर्डला बैल जुंपले आणि त्या वाहनाचं नाव गमतीने ‘ऑक्सफर्ड’ पडलं. तिकडे इंजिन सोडून सगळं काढायचे, इकडे इंजिनाचंच काम राहिलं नाही!)

पण मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते गृहस्थ ‘हॉट रॉड’ निघण्याच्या तेरा वर्षं आधीच वारले. मासिकात वाचायचं आणि वाचलेलं स्वतःच्या हाताने करून बघायचं, या आपल्या जमातीचे ते मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘भारताचे एडिसन’ अशी एक ओळ त्यांच्या नावावर असते. ती ओळ आपण पाठ करतो, आणि नेमकं त्यांनी केलं काय ते विचारलं की गप्प बसतो.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. त्यांनी कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण घेतलेलं नाही. पुण्यात तसं कॉलेज तेव्हा होतं, पण भिसे यांचं कॉलेज दर आठवड्याला अमेरिकेहून बोटीने येत होतं. ते म्हणजे ‘सायंटिफिक अमेरिकन’. आज आपण या मासिकात कृष्णविवरं आणि मेंदूविषयी वाचतो. पण १८४५ साली सुरू झालेलं हे नियतकालिक त्या काळी साप्ताहिक होतं, आणि त्याचा जीव यंत्रांमध्ये होता. नवीन पंप, नवीन शिवणयंत्र, नवीन वाफेचं इंजिन यांची सुबक कोरीव चित्रं आणि खाली त्यांचं वर्णन. शिवाय अमेरिकेत निघालेल्या नव्या पेटंटांची यादी असायची, कारण ते चालवणाऱ्या मंडळींचा पेटंट मिळवून देण्याचाही धंदा होता. म्हणजे वाचकाला एक गोष्ट फुकट शिकायला मिळत होती, की यंत्र ही कुणीतरी, कुठेतरी बसून सुचवलेली वस्तू आहे, आणि सुचवणाऱ्याचं नाव छापून येतं. मला वाटतं मुंबईच्या त्या मुलाला यंत्रशास्त्रापेक्षाही याचंच वेड जास्त लागलं असावं. आपलं सगळं यांत्रिक ज्ञान या अंकांतूनच आलं, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवलं आहे.

चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करण्याचं उपकरण बनवलं. दगडी कोळसा बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवला की त्यातून जळणारा गॅस निघतो. मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे तेव्हा अशाच गॅसवर जळत होते. तत्त्व सोपं आहे, पण घरात करून बघायचं म्हणजे धाडसच. आमच्या रेक्टर मॅडम खोलीत साधी इस्त्री चालवू देत नाहीत, तेव्हा आईवडिलांनी हे कसं चालवून घेतलं कोण जाणे! सोळाव्या वर्षापर्यंत मुलाचं ठरलं होतं, जायचं ते इंग्लंडला नाहीतर अमेरिकेला, कारण यंत्रं तिथे होतात.

पण ठरवलं आणि गेले असं झालं नाही. मधली वर्षं मुंबईत, सरकारी कचेरीत नोकरी करत गेली. सुट्टीच्या वेळात प्रयोग चालू होते. दृष्टिभ्रमाचे खेळ हा त्यांचा एक आवडता विषय. एक वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत बदलल्याचा भास व्हायचा. १८९५ साली त्यांनी हे खेळ इंग्लंडमध्ये मँचेस्टरला करून दाखवले आणि ते तिथल्या लोकांनाही आवडले.

याच काळात त्यांनी केलेली एक गोष्ट मला त्यांच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठी वाटते. मुंबईत त्यांनी एक विज्ञान मंडळ काढलं, आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचं मराठी मासिक सुरू केलं. शास्त्र आणि यंत्रविद्या साध्या मराठीत लोकांपर्यंत पोचवायची हा हेतू. विचार करा, ज्या मुलाने सगळं इंग्रजी अंकांतून उचललं, ज्याचे डोळे लंडन-न्यूयॉर्ककडे लागलेले, त्याने विशीत आपल्या पैशाने आणि वेळाने काय केलं, तर शेजारच्याला वाचता यावं म्हणून मराठीत लिहायला घेतलं. इंग्रजी न येणाऱ्या लोहाराला, सुताराला, घड्याळजीला हे कळलं पाहिजे असं त्याला वाटलं.

हे किती अवघड आहे ते माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला विचारा. गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगच्या भित्तिपत्रकासाठी मी दुचाकीच्या कार्ब्युरेटरवर मराठीत लिहायला बसले. हवा, पेट्रोल, मिश्रण इथपर्यंत गाडी झकास पळाली. ‘जेट’पाशी अडली. ‘चोक’पाशी बंदच पडली. ‘थ्रॉटल’ला शब्दकोशात सापडलेला शब्द वाचून मेकॅनिकलच्या पोरींनाही अर्थ लागेना. शेवटी गावातल्या गॅरेजवाल्या काकांना विचारलं. त्यांनी एकही इंग्रजी वाक्य न बोलता पाच मिनिटांत सगळा कार्ब्युरेटर समजावला, जेट, चोक हे शब्द तसेच ठेवून. मग मीही तसंच लिहिलं. भिसे यांच्यापुढे तर हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी होता, आणि तेव्हा गॅरेजवाले काकाही नव्हते.

आता मासिकाने त्यांच्या आयुष्याला दिलेलं दुसरं वळण. लंडनहून निघणाऱ्या ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’ या पत्राने एक स्पर्धा जाहीर केली. किराणा दुकानासाठी यंत्र हवं होतं. साखर, पीठ अशा सुट्या मालाचं हवं तेवढं वजन आपोआप करून द्यायचं. भिसे यांनी आराखडा पाठवला आणि १८९७ साली ते ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून जिंकले. बक्षिसापेक्षा परिणाम मोठा झाला. मुंबईतल्या बड्या मंडळींना एकदम हा माणूस दिसू लागला. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये दादाभाई नौरोजींना शिफारस केली आणि भिसे लंडनला पोचले. दादाभाईंनी त्यांच्या शोधांमागे पैसा उभा केला. इंग्रज भारताची लूट कशी करतात याचा हिशेब आयुष्यभर मांडणारे हे वृद्ध गृहस्थ एका मराठी तरुणाच्या यंत्रांवर पैसे लावत होते. त्यामागचं गणित मला उघड दिसतं. हिंदी माणसाला यंत्र सुचू शकत नाही, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर कुठलं?

पहिली काही वर्षं भिसे यांना काय सुचलं नाही ते विचारा. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी, जिचं नाव व्हर्टोस्कोप. ती क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली. आपोआप पाणी सोडणारा संडास, स्वयंपाकघरातली उपकरणं, डोकेदुखीवरचं यंत्र. काही विकलं गेलं, काही नाही. यादी वाचताना मला आमच्या टेक्निकल फेस्टमधली प्रोजेक्ट्स आठवतात. पण मग त्यांनी हात घातला तो खऱ्या मोठ्या कामाला, छपाईच्या टाइपाला.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतायचा, थंड होऊ द्यायचा, खिळा बाहेर काढायचा. हाताने खिळे जुळवण्याऐवजी हे यंत्रावर करायची चढाओढ लागली होती. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये मर्गेनथेलरचं लायनोटाइप कामाला लागलं. ते अख्खी ओळ एका तुकड्यात ओतायचं, त्यामुळे एक अक्षर चुकलं तर ओळ पुन्हा. मोनोटाइप सुटी अक्षरं ओतायचं, पण मिनिटाला साधारण दीडशे. आपल्या देवनागरीची तऱ्हा तर आणखी वेगळी. काना, मात्रा, जोडाक्षरं धरली तर खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी.

भिसे यांनी सांगितलं, माझं यंत्र मिनिटाला १२०० अक्षरं ओतेल. थर्मलचा पेपर दिलेल्यांनी जरा हिशेब करा. मिनिटाला १२०० म्हणजे सेकंदाला २०. एकाच साच्यातून काढायची तर रस भरणं, गोठणं आणि खिळा सुटणं हे सगळं एक विसांश सेकंदात. धातूतली उष्णता इतक्या लवकर जाणार कुठे? म्हणजे एका वेळी एक खिळा हा विचारच सोडून अनेक खिळे एकदम ओतायला हवेत. लंडनच्या जाणत्या इंजिनिअरांनी मान हलवली. हे होणे नाही, असंच त्यांचं मत होतं. भिसे यांनी वाद घातला नाही. त्यांनी छोटं यंत्र बांधलं आणि १९०८ साली ते चालवून दाखवलं. बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. यंत्राचं नाव भिसोटाइप.

आणि इथेच गोष्ट फिरते. यंत्र चाललं, पण पैसा संपला! दादाभाईंच्या ओळखीतून हेन्री हिंडमन हे इंग्लंडमधले नामांकित समाजवादी पुढारी भांडवल उभं करायला पुढे आले होते. समाजवादी पुढाऱ्याने भांडवल गोळा करावं यातली गंमत सोडा, पण हवी तेवढी रक्कम त्यांना जमवता आली नाही. डिसेंबर १९०८ मध्ये भिसे कारखाना बंद करून परत निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांना रतन टाटांपर्यंत पोचवलं. (हे रतन टाटा म्हणजे जमशेदजींचे धाकटे चिरंजीव सर रतन, १९१८ मध्ये वारलेले. आपल्या सगळ्यांना माहीत असलेले रतन टाटा नंतरचे.) १९१० साली टाटा-भिसे सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. यंत्रात सुधारणा झाल्या, अडचणीही निघाल्या. मग १९१४ चं महायुद्ध सुरू झालं, आणि १९१५ मध्ये सिंडिकेट गुंडाळलं गेलं.

आमच्या एका सरांचं म्हणणं आहे की दोष नशिबाचा. मला तसं वाटत नाही. भिसे यांच्या मागे उभे राहिलेले लोक बघा. दादाभाई, वाच्छा, हिंडमन, गोखले, टाटा. एकाहून एक मोठी माणसं, पण यांत छापखान्याची यंत्रं बनवून विकणारा एकही नाही. लायनोटाइप आणि मोनोटाइपकडे कारखाने होते, विक्रेते होते, बिघडलं तर दुरुस्त करायला माणसं होती. छापखानेवाला यंत्राबरोबर तेही विकत घेत असतो. मासिकातून यंत्र कसं बनतं ते शिकता येतं, स्पर्धा जिंकता येते, नाव होतं. पण शंभर यंत्रं सारखी कशी बनवायची आणि कुणाच्या गळ्यात कशी घालायची, हे ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या पानांवर नव्हतं. आपल्या मॉडिफाय केलेल्या बाईकचंही तेच असतं ना? एक बाईक भन्नाट होते. दुसरी तशीच करून दाखव म्हटलं की पंचाईत.

भिसे मात्र थकले नाहीत. युद्ध चालू असतानाच, वयाची पन्नाशी जवळ आलेली असताना, ते न्यूयॉर्कला गेले. लहानपणी ज्या देशातून अंक यायचे त्या देशात अखेर ते पोचले, ते असे तिसऱ्यांदा मोडलेला डाव हातात घेऊन. तिथे त्यांनी टाइप ओतण्याच्या यंत्राची आणखी सुधारलेली रूपं केली, त्यासाठी कंपनीही निघाली. पुढे ते रसायनशास्त्राकडे वळले. आयोडिनपासून त्यांनी ‘ॲटोमिडिन’ नावाचं औषध तयार केलं, आणि गंमत म्हणजे यंत्रांनी जे दिलं नाही ते या औषधाने दिलं. ते अमेरिकेत विकलं गेलं आणि उतारवयात हाताशी पैसा आला. भिसोटाइपसाठी आयुष्य घातलेल्या माणसाला बाटलीतल्या औषधाने सांभाळावं, हे वाचून मला जरा वाईटच वाटलं. त्यांना वाटलं असेल का? कदाचित नसेलही. ज्याला एका विषयातून दुसऱ्यात उडी मारायची सवय चौदाव्या वर्षापासून आहे, त्याला औषधाची बाटली हेही एक यंत्रच.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.