एडमंड रफिन : नापीक जमीन जगवणारा शेतकरी गुलामगिरीसाठी का लढला?

१२ एप्रिल १८६१. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन बंदरात फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा धडाडल्या आणि अमेरिकन यादवी युद्धाला तोंड फुटलं. त्या सुरुवातीच्या गोळ्यांपैकी एक डागणारा माणूस सैनिकी पेशातला नव्हता. खांद्यापर्यंत पांढरे केस वाढवलेला तो ६७ वर्षांचा शेतकरी होता.

त्याचं नाव एडमंड रफिन. गुलामगिरीचा कट्टर समर्थक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. पण अमेरिकेत मृदाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्येही त्याचंच नाव घेतलं जातं. या दोन ओळखी एकाच माणसाच्या कशा?

वारशात मिळाली थकलेली जमीन

रफिनचा जन्म १७९४ चा, व्हर्जिनिया राज्यातला. वयाच्या १९ व्या वर्षी जेम्स नदीकाठची कॉगिन्स पॉइंट ही वडिलोपार्जित शेती त्याच्या हाती आली. पण व्हर्जिनियाची जमीन तोवर थकली होती. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू आणि मका घेऊन कस गेला होता. अनेक शेतकरी गाशा गुंडाळून पश्चिमेकडे निघाले होते.

जॉन टेलर हे तेव्हाच्या शेतीतलं मोठं नाव. गुरांना चरायला बंदी करा, पालापाचोळा आणि खत भरपूर घाला, असा त्यांचा सल्ला होता. रफिननं तो काही वर्षं पाळला. हाती काहीच लागलं नाही.

उत्तर मिळालं शिंपल्यांत

मग त्याच्या वाचनात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. जमिनीत आम्ल असेल तर ती नापीक होते आणि चुन्यानं सुधारते, ही त्यातली कल्पना त्यानं उचलली. स्वतःच्या मातीची तपासणी केली, तर तिच्यात चुन्याचा जवळपास पत्ताच नव्हता. शिवाय आंबट चवीचं सॉरेल नावाचं तण आणि पाइनची झाडं नेमकी हलक्या जमिनीवरच माजतात, हेही त्यानं टिपलं.

उपाय त्याच्या शेताखालीच होता. व्हर्जिनियाच्या या पट्ट्यात लाखो वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या काळातल्या शिंपल्यांचे थर जमिनीत गाडले गेले होते. अशा चुनखडीच्या मातीला मार्ल म्हणतात. १८१८ मध्ये रफिननं ती खणून उंचवट्यावरच्या, नुकतीच झाडं तोडून मोकळ्या केलेल्या हलक्या जमिनीवर पसरली आणि मका पेरला. मार्ल टाकलेला तुकडा लांबूनच वेगळा दिसू लागला. उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आलं.

पण जमीन आंबट होते कशी?

आज यामागचं विज्ञान स्पष्ट आहे. पाऊस जमिनीतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. वाळूचे कण मोठे असतात, त्यांना अन्नद्रव्यं धरून ठेवता येत नाहीत. त्यात उतार असेल तर वरची सुपीक मातीही पावसाबरोबर खाली जाते. राहते ती भुकेली, आम्लयुक्त जमीन.

मातीचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळं खुरटतात. स्फुरद मातीत अडकून बसतं. म्हणजे खत घालूनही पिकाला ते पुरेसं मिळत नाही. रफिनचं म्हणणं हेच होतं : आधी आम्ल घालवा, मगच खताचा उपयोग होईल.

मार्ल जास्त झाली तर पीक बिघडतं, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. वालुकामय जमिनीचा सामू थोड्याशा चुन्यानंही पटकन चढतो आणि मग जस्त, मँगनीज यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं पिकाला मिळेनाशी होतात. म्हणून अशा जमिनीत चुना एकदम न ओतता, माती तपासून, थोडा थोडा द्यायचा असतो. उतारावर त्याच्या जोडीला बांधबंदिस्ती, आडवी मशागत आणि जमीन झाकून ठेवणारं पीकही लागतं. नाहीतर चुना घातलेली मातीच वाहून जाते.

आपल्या कोकणातल्या जांभ्या जमिनीचा खडक वेगळा, पण गणित तेच. धो धो पाऊस, उतार आणि आम्लयुक्त माती. तिथेही माती परीक्षणानंतर चुना देण्याची शिफारस होते.

खणत कोण होतं?

१८३२ मध्ये रफिनचं चुनखडीयुक्त खतांवरचं पुस्तक आलं आणि गाजलं. १८३३ पासून त्यानं शेतीविषयक मासिक चालवलं. १८४३ मध्ये साउथ कॅरोलिना राज्यानं त्याला शेतीच्या सर्वेक्षणाचं काम दिलं.

पण खड्ड्यात उतरून मार्ल खणणं, गाड्या भरणं, शेतभर पसरणं ही कामं त्यानं गुलाम बनवलेल्या कृष्णवर्णीय माणसांकडून करून घेतली. पुस्तकावर नाव एकट्या रफिनचं लागलं.

त्याच्यासाठी माती आणि गुलामगिरी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. जमीन सुधारली तर मळेवाले स्थलांतर करणार नाहीत, दक्षिणेची ताकद टिकेल आणि तिच्यासोबत गुलामगिरीही टिकेल, असा त्याचा हिशोब होता. १८५० च्या दशकात तो शेती मुलांवर सोपवून पूर्णपणे राजकारणात उतरला. गुलामगिरीच्या बाजूनं पत्रकं लिहिली. गुलामगिरीविरोधात उठाव करणाऱ्या जॉन ब्राउन यांना १८५९ मध्ये फाशी झाली, तेव्हा ती पाहायला मिळावी म्हणून ६५ वर्षांचा रफिन लष्करी विद्यार्थ्यांच्या तुकडीत उभा राहिला.

पुढे युद्धात दक्षिण हरली आणि गुलामगिरी संपली. तो पराभव रफिनला पचला नाही. जून १८६५ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं.

आम्लयुक्त जमिनीला चुना द्यावा हे त्याचं तत्त्व आजही शेतीत वापरलं जातं. पण त्याचं नाव घेताना, त्या खड्ड्यांत राबलेल्या आणि पुस्तकांत नाव न आलेल्या माणसांचीही आठवण ठेवायला हवी.