कै. आनंदीबाई (बाया) कर्वे

देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाईंना आठव्या वर्षी, विवाहानंतर तीनच महिन्यांत वैधव्य आले. १८८९ साली त्या मुंबईस पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकू लागल्या. त्यांच्या बंधूंचे स्नेही प्रा. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये विधुर झाले. पुनश्च विवाह केल्यास विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. वडिलांच्या संमतीने, पूर्ण विचारांती, ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात उभयतांचा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. मुरुडच्या ज्ञातिबांधवांनी बहिष्कार घातला. त्याची झळ कर्व्यांच्या घरच्यांनाही लागली. तरी संसार उभा राहिला, १८९६ साली निराधार विधवांसाठी आश्रमही निघाला. १९५० मध्ये आनंदीबाई निवर्तल्या. बहिष्कार घालणारे आपल्यासारखेच कुटुंबवत्सल गृहस्थ होते, हे पनवेलकर ज्ञातिबंधुभगिनींनी विसरू नये. एकाकी स्त्री-पुरुष पुन्हा संसार मांडू पाहतील, तेव्हा आपले दार उघडे असावे.