न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

नारायणगुड्याहून बसने येताना 'केशव मेमोरियल' ही पाटी रोज दिसते. हे केशव कोण, हे इंटरला येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. मराठी माध्यमात शिकूनही ठाऊक नव्हते, याची आता लाज वाटते.

केशवराव कोरटकरांचा जन्म 1867 साली वसमत परिसरातील पुर्जळ या खेड्यात झाला. मनमाड-हैदराबाद आगगाडी त्या भागात 1900 च्या सुमारास आली; तोवर प्रवास म्हणजे बैलगाडी नाहीतर पायपीट. अशा गावातून निघून हा तरुण गुलबर्ग्यास पोचला आणि तेथे त्याने वकिली सुरू केली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. हैदराबादच्या या मराठी पुढाऱ्याचे पहिले कार्यक्षेत्र कन्नड मुलखात होते.

निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास दरबारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली. रयत मात्र तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. फिर्याद घरच्या भाषेत आणि निकाल परक्या भाषेत, असा तो मामला होता! वकिलाला दोन्ही भाषा याव्या लागत. केशवराव त्यात पारंगत झाले, 1896 साली हैदराबादेस आले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण त्यांची दृष्टी शाळेकडे होती. उर्दूच्या बळावर मोठा झालेला हा माणूस मराठी मुलांनी मराठीतून शिकावे म्हणून झटला. जांबागेतील विवेकवर्धिनीच्या संस्थापकांपैकी ते एक. आम्ही कॉमर्सवाले प्रत्येक गोष्टीत जमाखर्च पाहतो. येथे जमा एका भाषेत आणि खर्च दुसऱ्या भाषेत दिसतो, आणि त्या खर्चावर आमच्यासारख्यांची शिक्षणे झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठी शाळेतून तेथे जाणाऱ्या मुलाची काय तारांबळ उडत असेल! आज आम्ही इंग्रजी टेक्स्टबुकासमोर बसतो तेव्हा थोडीफार कल्पना येते.

सुलतानबाजारच्या आर्यसमाजाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. सुलतानबाजार तेव्हा ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत होता आणि तेथे निजामी अंमल चालत नसे. म्हणजे न्यायमूर्ती म्हणून सरकारची चाकरी करायची आणि समाजकार्यासाठी हद्द ओलांडून पलीकडे जायचे. ही कसरत सोपी नव्हती. काहींना यात दुटप्पीपणा वाटेल. मला तसे वाटत नाही. नोकरीमुळे अब्रू व पैसा मिळत होता, आणि संस्थांना दोन्हींची गरज होती.

स्वतःच्या मुलाला, विनायकरावांना, त्यांनी थेट हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात धाडले. 'विद्यालंकार' ही पदवी तेथलीच. विनायकराव पुढे बॅरिस्टर आणि हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. वडिलांच्या नावाने नारायणगुड्यात 1940 साली शाळा निघाली, तिचीच ती पाटी.

केशवराव 1932 साली वारले. पुढच्याच वर्षी रेसिडेन्सीचे बाजार निजामाकडे परत गेले.