क्युरियस जॉर्ज : सायकलवरून युद्धातून निसटलेलं माकड, त्याचा चित्रकार कोण होता?

पिवळी टोपी घातलेला माणूस आणि त्याच्यासोबत राहणारं खोडकर माकड. ‘क्युरियस जॉर्ज’ जगभरातल्या मुलांच्या ओळखीचा आहे. त्याची चित्रं काढणारे एच. ए. रे मात्र जर्मनीत जन्मले, ब्राझीलचे नागरिक झाले, पॅरिसमध्ये मुलांसाठी पुस्तकं करू लागले आणि अमेरिकेत प्रसिद्ध झाले. या भटकंतीने त्यांची चित्रं कशी घडवली?

हॅम्बुर्ग ते रिओ

हान्स ऑगस्टो रायर्सबाख यांचा जन्म १८९८ मध्ये हॅम्बुर्गमधल्या ज्यू कुटुंबात झाला. घराजवळच हागेनबेक प्राणिसंग्रहालय होतं. प्राणी पाहणं आणि ते कागदावर उतरवणं हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. पुढे पोटासाठी सर्कशीची पोस्टर्स केली, मग ब्राझील गाठलं. तिथे ते ॲमेझॉनच्या काठाने बाथटब विकत फिरायचे आणि फावल्या वेळात माकडांची चित्रं काढायचे. रायर्सबाख हे आडनाव तिथल्या लोकांना उच्चारता येईना, म्हणून त्याचं ‘रे’ झालं.

हॅम्बुर्गच्याच मार्गरेट यांनी बाउहाउस या कलाशाळेत शिक्षण घेतलं होतं. १९३५ मध्ये रिओत दोघांचं लग्न झालं. मधुचंद्रासाठी पॅरिसला गेलेलं हे जोडपं तिथेच चार वर्षं राहिलं.

चित्रांनी संशय कसा मिटवला?

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मन उच्चारांत बोलणारे हे परदेशी कोण, असा फ्रान्समधल्या गावकऱ्यांना संशय आला. पोलीस झडतीला आले. सापडली ती मुलांच्या पुस्तकाची चित्रं! ती पाहून पोलीस परत गेले.

जून १९४० मध्ये नाझी फौजा पॅरिसच्या उंबरठ्यावर आल्या. ज्यू असल्याने मागे राहणं म्हणजे जिवाशी खेळ. गाड्या बंद, सायकलीही मिळेनात. शेवटी हान्स यांनी सुटे भाग जमवून स्वतः दोन सायकली जोडल्या. १२ जूनच्या पहाटे दोघं निघाली. सामानात थोडे कपडे, खाणं आणि पुस्तकांची हस्तलिखितं होती. दोनच दिवसांनी पॅरिस पडलं. स्पेन, लिस्बन, रिओ असा प्रवास करत ऑक्टोबरमध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली.

जॉर्जमध्ये काय उतरलं?

सामानातल्या एका हस्तलिखितात ‘फिफी’ नावाचं माकड होतं. १९४१ मध्ये ते अमेरिकेत ‘क्युरियस जॉर्ज’ म्हणून प्रसिद्ध झालं. ब्रिटनमध्ये तेव्हा राजाचंच नाव जॉर्ज होतं. त्यामुळे तिथे माकडाचं नाव ‘झोझो’ ठेवावं लागलं.

नव्या शहरात आलेल्या जॉर्जला तिथले नियम माहीत नसतात. फोन फिरवला तर अग्निशमन दल धावत येतं आणि जॉर्ज थेट तुरुंगात! नवख्या देशात उतरलेल्या कुणाचीही अशीच फजिती होऊ शकते. शिवाय जॉर्ज बोलत नाही. त्याची भीती, आनंद, कुतूहल सगळं हावभावांतून कळतं. भाषा बदलत जगलेल्या चित्रकाराची ही शैली कुठल्याही देशातल्या मुलाला सहज समजते.

जॉर्जला आफ्रिकेतून पकडून आणणं ही वसाहतवादी नजर आहे, अशी टीका पुढे झाली. घर सोडावं लागलेल्याची गोष्ट म्हणूनही हेच पुस्तक वाचलं जातं.

रे दाम्पत्याने १९६६ पर्यंत जॉर्जची सात पुस्तकं केली. हान्स यांचं १९७७ मध्ये निधन झालं. पॅरिसमधून सायकलवर निघालेलं माकड आजही छापलं जातंय.