समजून घ्या : डेसिबलमधले ‘बेल’ कोण?

पुण्यात विसर्जन मिरवणुकीसाठी पिकअपवर सबवूफर चढले की डेसिबलची चर्चा सुरू होते. हे एकक टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावाचे. बेलचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. आवाज १० डेसिबलने वाढवायला अॅम्प्लिफायरची ताकद दसपट लागते. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५.

बेल १८४७ मध्ये एडिनबरोत जन्मले. आईला नीट ऐकू येत नसे. तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन ते खालच्या सुरात बोलत; कंपनांतून तिला ते कळे. सबवूफर छातीत जाणवतो, तसेच काहीसे. पत्नी मेबलही कर्णबधिर. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे, पण त्याआधीपासून ते कर्णबधिरांचे शिक्षक होते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी ते गेले. अंत्यविधीवेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले गेले.