श्रीव्यासराय आणि यंत्रोद्धारक प्राणदेव

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून मारुतिस्तोत्र म्हणण्याचा प्रघात आपल्या अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ते स्तोत्र समर्थांचे. समर्थांचा जन्म १६०८ चा. त्याच्याही बऱ्याच आधी तुंगभद्रेच्या तीरी एका संन्याशाने याच दैवताला रक्षणासाठी आवाहन केले होते. ते श्रीव्यासतीर्थ ऊर्फ व्यासराय होत. महाराष्ट्रात त्यांचे चरित्र व्हावे तितके परिचित नाही.

पंधराव्या शतकात म्हैसूर प्रांतातील बन्नूर येथे त्यांचा जन्म झाला. अब्बूरच्या ब्रह्मण्यतीर्थांकडून बालवयातच संन्यासदीक्षा मिळाली. पुढे मुळबागल येथे श्रीपादरायांपाशी शास्त्राध्ययन झाले. न्यायामृत, तर्कतांडव व तात्पर्यचंद्रिका हे त्यांचे तीन ग्रंथ द्वैतमताचे आधारस्तंभ मानले जातात. विजयनगरचा सम्राट कृष्णदेवराय त्यांना गुरुस्थानी मानी. राजावर कुहुयोगाचे अरिष्ट आले असता ते स्वतःवर घेण्यासाठी व्यासराय सिंहासनावर बसले, अशी परंपरा आहे. पुरंदरदास आणि कनकदास यांच्यासारखे संतकवी त्यांच्या छत्राखाली वाढले. यांपैकी पुरंदरदासांचे नाते एक परंपरा आपल्या पुरंदरगडाशी जोडते.

माध्वमतात वायू हा केवळ वाहणारा वारा नव्हे. तो मुख्यप्राण, हनुमंत, भीम आणि मध्वाचार्य हे त्याचे तीन अवतार. इंद्रियांत श्रेष्ठ कोण, हा कलह प्राण निघू लागताच कसा मिटला, ही उपनिषदांतील कथा वाचकांस ठाऊक असेलच. डोळे, कान, वाणी झोपी जातात, श्वास मात्र जागा राहतो. रक्षणासाठी वायूला हाक मारण्याचे बीज या विचारात आहे.

हंपी येथे चक्रतीर्थाजवळ व्यासराय ध्यानास बसत. आख्यायिका अशी की, ते रोज शिळेवर कोळशाने मारुती रेखीत आणि चित्र पुरे होताच वानर उडी मारून नाहीसा होई. बारा दिवस असे झाले. तेव्हा त्यांनी षट्कोनी यंत्र काढून मारुतीला आत बसविले व भोवती बारा वानर रेखले. कथा अक्षरशः घ्यावी की कसे, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावे. पण डोळे मिटून चार घटका बसण्याचा यत्न ज्याने केला आहे, त्याला ते पळणारे वानर ओळखीचे वाटतील. येथील मारुती उड्डाण करणारा नाही, तो पद्मासन घालून ध्यानस्थ आहे. त्याचे जे लहानसे स्तोत्र व्यासरायांच्या नावावर आहे, तेही आधी रूप मनात स्थिर करविते. व्यासरायांनी असे ७३२ मारुती स्थापिले, असे सांप्रदायिक सांगतात.

१५३९ साली ते समाधिस्थ झाले. त्यानंतर अवघ्या सव्वीस वर्षांनी, १५६५ मध्ये, राक्षसतागडीच्या रणात विजयनगरचा पाडाव झाला आणि राजधानी उद्ध्वस्त झाली. मग रक्षण कोणाचे झाले, असे कोणी विचारील. प्रश्न गैरवाजवी नाही. परंतु व्यासरायांची उपासना तटबंदीसाठी नव्हती. जीवाचा धीर सुटू नये, एवढ्यासाठी ती होती. राजवाड्यांची जोती उरली. यंत्रातील मारुतीची पूजा आजही होते.

आनेगुंदीजवळ नदीतील बेटावर, नववृंदावनात, त्यांची समाधी आहे. जुलै २०१९ मध्ये काही समाजकंटकांनी ती रात्रीतून फोडली. वार्ता कळताच यतिजन व भक्तगण होड्यांतून बेटावर धावले आणि भग्न शिळा गोळा करून त्यांनी वृंदावन पुन्हा उभे केले.