रंग ओळखता येईनात, तरी रेघ सोडली नाही : नांगराचं डिझाइन करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचं नाव ऐकलं नाही असा शेतकरी आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. कुणाच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन धडधडत होतं, कुणाच्या आजोबांकडं त्यांचा लोखंडी नांगर होता. पण ज्या घराण्याच्या नावानं हे गाव वसलं, त्यातले लक्ष्मणराव मुळात कारखानदार व्हायला निघालेच नव्हते. त्यांना चित्रकार व्हायचं होतं.

आज गावोगावची पोरं डिझाइनच्या कोर्सची चौकशी करतात. त्यात पुढं काही आहे का, असं घरचे विचारतात. दीडशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या लक्ष्मणरावांच्या घरीही हाच प्रश्न होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या-पुराणांचं वातावरण, आणि या पोराचं लक्ष मात्र दोनच गोष्टींत. एक चित्र काढणं आणि दुसरं यंत्र उघडून बघणं. शाळेच्या पुस्तकात मन रमत नव्हतं.

मुंबईत गेले आणि तिथंच अडले

चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायचं, असं त्यांनी ठरवलं. वडिलांची तयारी नव्हती. चित्रं काढून पोट भरत नाही, ही त्या काळच्या बहुतेक बापांची समजूत. थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि खर्चाचा भार त्यांनी उचलला. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला गेले.

तिथं दोन वर्षं शिकल्यावर एक गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते. डोळ्यातच दोष होता. रंगांधळेपणा म्हणतात तो. त्यावर ना औषध, ना सरावानं सुटणारी गोष्ट. वडिलांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर शिकायला आलेल्या तरुणाला चित्रकला सोडावी लागली.

इथं घरी परतले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण जे. जे. मध्ये रंगकामाबरोबर यांत्रिक रेखाटनही शिकायला मिळत होतं. यंत्राचा भाग समोरून कसा दिसतो, वरून कसा, मधून कापला तर आत काय, हे मापासकट कागदावर उतरवायचं. या कामाला रंग लागत नाही. रेघ सरळ लागते, माप बरोबर लागतं आणि वस्तू डोक्यात उलटीसुलटी फिरवून बघता यावी लागते. हे सगळं लक्ष्मणरावांकडं होतं.

याच हुन्नरीवर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. आज ज्याला व्हीजेटीआय म्हणतात तीच ही संस्था. तिथल्या कार्यशाळेत यंत्रं होती. पोरांना शिकवता शिकवता लक्ष्मणराव स्वतः यंत्रांवर हात चालवायला शिकले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडं नव्हती. कागदावरची रेघ आणि कार्यशाळेतलं लोखंड या दोन्हींची ओळख एकाच माणसाला असणं, हीच त्यांची पदवी झाली.

सायकलीचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र

मुंबईत त्यांनी पहिल्यांदा सायकल बघितली. ही वस्तू आपल्या भागात चालेल असं त्यांना वाटलं. रामूअण्णांना जोडीला घेऊन बेळगावात सायकलींचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. घेणाऱ्याला वस्तू वापरता आली नाही तर विकणाऱ्याचं काम अपुरं राहतं, हे या दुकानात कळलं. पुढं नांगर विकताना ते फार उपयोगी पडलं.

इकडं नोकरीत बढतीची वेळ आली. ती लक्ष्मणरावांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत असूनही केवळ हिंदी असल्यामुळं मागं राहावं लागतं, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. बांधलेला पगार गेला, हातात सायकलींचं दुकान तेवढं राहिलं.

दुकानाच्या जोडीनं त्यांनी छोटी कार्यशाळा काढली. शेतीसाठी पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. आज आपण कडबा कुट्टी म्हणतो, त्याच जातीचं. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला यातलं मर्म सांगायला नको. लांब कडबा टाकला की जनावर पाला ओढून खातं आणि जाड धाटं पायाखाली तुडवतं. तोच कडबा बारीक करून टाकला तर गव्हाणीत फारसं उरत नाही. दुष्काळी भागात अर्धा भारा वाचणं म्हणजे काय, हे शेतकरीच जाणे. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या नुकसानीची नेमकी जागा हेरली आणि तिथं यंत्र बसवलं.

दोन वर्षं एकही नांगर खपला नाही

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हातात घेतला. त्या काळी आपल्याकडं लाकडी नांगर. गावचा सुतार करायचा, लोहार फाळ बसवून द्यायचा. लाकडी नांगर जमीन चिरत जातो, पण माती उलथत नाही. हरळी आणि कुंद्याची मुळं खालीच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागं वळणदार पंख असतो. फाळ माती कापतो, पंख ती उचलून पालथी करतो. खालची माती वर येते, तणाच्या काश्या उन्हात पडतात आणि वाळतात.

बोलायला हे सोपं आहे. करायला बसलं की अडचणी दिसतात. पंखाचं वळण थोडं चुकलं तर माती चिकटून बसते. नांगर जड झाला तर बैलं दमतात, हलका झाला तर काळ्या रानात घुसत नाही. लोखंड मऊ असलं तर फाळ लवकर झिजतो, नुसतंच कडक असलं तर दगडाला लागून तुटतो. शिवाय फाळ झिजला की शेतकऱ्याला तो बदलता आला पाहिजे. विलायती नांगर बाजारात होते, पण ते तिकडच्या मातीसाठी आणि तिकडच्या जनावरांसाठी घडवलेले. इथं माती वेगळी, बैल वेगळा आणि शेतकऱ्याचा खिसाही वेगळा.

नांगर तयार झाला, पण घ्यायला कुणी येईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. कार्यशाळा चालवायची, माणसांना पगार द्यायचा आणि केलेला माल दारात पडून. घरचे आणि बाहेरचे काय म्हणत असतील ते सांगायला नको.

शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होता आलं असतं. पण शेतकऱ्याची भीती खोटी म्हणता येत नाही. त्याच्याकडं एकच जमीन. ती बिघडली तर वर्ष गेलं. नवी वस्तू घेण्यातला धोका त्याचा असतो, विकणाऱ्याचा नसतो. त्याची खात्री त्याच्याच मातीत पटवून द्यावी लागते. रानात नांगर चालला, तास पालथं पडलं, पुढचं पीक आलं, तेव्हा कुठं गिऱ्हाईक वळू लागलं. एकाच्या रानात बघून दुसऱ्यानं घेतला.

जागा गेली, माळरान मिळालं

धंदा जरा रुळावर येतो न येतो तोच नवं संकट आलं. कार्यशाळा होती ती जागा बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी हवी होती. लक्ष्मणरावांना तिथून उठावं लागलं. यंत्रं न्यायची कुठं, हा प्रश्न पडला.

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते, कलेची आणि कारागिरीची त्यांना जाण होती. औंधला सभामंडप बांधण्याचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं होतं. कारखान्याची अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि कर्ज दिलं. जमीन म्हणजे नुसतं माळरान. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. १९१० साली तिथं २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं राहायला आली. त्या माळावरच किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

लक्ष्मणरावांनी वस्तूंचं जसं डिझाइन केलं, तशी माणसांची निवडही डोळसपणे केली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार बघितला. शंभुराव जांभेकर यंत्रं सांभाळायचे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. के. के. कुलकर्णी शाळेत फारसे चमकले नव्हते, पण बाहेरची बोलणी आणि व्यवहार त्यांनी सांभाळला. अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं, ते कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर रात्रीच्या राखणीचं काम सोपवलं गेलं आणि त्यांनी ते विश्वासानं केलं. कुणाचं प्रमाणपत्र बघण्यापेक्षा त्याच्या हातात काय आहे हे बघायची ही रीत. ज्याला स्वतःला रंग दिसत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली, त्याला माणसाची उणीव आणि त्याचा गुण वेगळे करून बघता येत असावेत.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा माल आटला. लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले, ही गोष्ट आपल्या भागात आजही सांगितली जाते.

एका वस्तूतून दुसरी वस्तू

किर्लोस्करवाडीत पुढं काय काय तयार झालं त्याची यादी बघितली तर ती शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामाची यादी वाटते. नांगरटीला नांगर. ऊस गाळायला चरक. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र. जनावरांच्या वैरणीसाठी कडबा कापणी यंत्र. आणि विहिरीच्या पाण्यासाठी पंप.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदवली गेली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघालं. पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्यातूनच पुढं किर्लोस्कर मासिक नावारूपाला आलं आणि १९३० साली स्त्री मासिक निघालं. नांगराच्या कारखान्यातून मराठी घराघरांत वाचायला मासिकं जाऊ लागली.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये यांत्रिक इंजिनिअरिंग शिकून १९२६ साली परतले. बापानं हातानं शिकलेलं काम लेक पदवी घेऊन करू लागला. त्याच सुमारास पाण्याचे पंप सुरू झाले. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाची कंपनी निघाली. मोट जाऊन विहिरीवर इंजिन आलं, ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे.

जळालेला कारखाना

म्हातारपणीही त्यांची परीक्षा संपली नाही. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर दंगली उसळल्या, त्यात किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावरचा निवडुंग काढून गाव वसवलं, तिथं राख झाली. कारखाना बंद करून जाणं सोपं होतं. तो पुन्हा उभा केला गेला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर चित्रकला गेली, बढती गेली, जागा गेली, दोन वर्षं माल पडून राहिला आणि उतारवयात कारखाना जळाला. टिकून राहिलं ते यांत्रिक रेखाटन. नोकरी त्यावर मिळाली आणि नोकरी सोडल्यावर कार्यशाळाही त्याच्याच बळावर उभी राहिली.

आज आयटीआयला मेकॅनिकल ड्राफ्ट्समन शिकणारा किंवा मोबाइलवर चित्रं काढत बसणारा पोरगा आपल्या गावातही आहे. आपल्या शिवारात अजून पुष्कळ कामं अशी आहेत, की जी करताना बायामाणसांची कंबर मोडते आणि ज्यासाठी बाजारात धड अवजार मिळत नाही. लक्ष्मणरावांनी सुरुवात केली ती अशाच एका कामापासून, गव्हाणीत तुडवल्या जाणाऱ्या कडब्यापासून.